लोरेटाचा बदलीचा अर्ज

ओहायोतल्या एका गावात वीस वर्षं शाळेची बस चालवणाऱ्या लोरेटा टटलला आता नर्स व्हायचं होतं. गावच्या कम्युनिटी कॉलेजच्या अर्जात ‘पूर्वी दुसऱ्या कॉलेजात होतात का?’ या प्रश्नापुढे तिनं ‘नाही’ लिहिलं. तरुणपणी विद्यापीठ सोडताना ती शेवटच्या चारही विषयांत नापास झाली होती. ती लाज तिला पुन्हा कुणाला दाखवायची नव्हती.

खिडकीतला कारकून वेंडेल लहानपणी तिच्याच बसमधून शाळेत जायचा.

“मिस लोरेटा, पहिल्यांदाच कॉलेजात येताय, मग गणिताची चाचणी द्यावी लागेल.”

“पुन्हा? विद्यापीठात केलंय की मी गणित!” तिच्या तोंडून निघून गेलं.

वेंडेल हसला. “अहो, आम्ही खोटं बोललो की तुम्ही पुढच्या सीटवर बसवायचात. आता तुम्ही बसा इथे समोर, आणि दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्यांचा असतो तो बदलीचा अर्ज भरा.”

तिनं समोर बसून तो भरला. जुनी गुणपत्रिका आली, तेव्हा नापास होण्याआधी ती ज्यांत उत्तीर्ण झाली होती, ते आठ विषय त्यानं मान्य करून घेतले. तिचं एक वर्ष वाचलं.

लोरेटा अजूनही सकाळी कॉलेजवरून बस नेते. वेंडेल दिसला की हात हलवते, आणि बसमधल्या सगळ्या मुलांनाही हलवायला लावते.