वाकय

"वयखा बरं, हे काय हाय?" असं म्हणून आमचे ड्रॉइंग मास्तर चित्र भिंतीला लावत आणि बाजूला उभे राहत. चित्र म्हणजे पुठ्ठ्यावर डकवलेले कागदाचे तुकडे. मी एकदा कांद्याचं वावर म्हणालो.

"मंग आज कांदेच. उद्या उलटं टांगतो, उद्याचं उद्या पाहू."

कोणतीही बाजू वर घेता यावी म्हणून त्यांनी पुठ्ठ्याला चारही बाजूंनी आकडे लावले होते.

जळगाव जामोदच्या शाळेत मास्तर आणि मी बरोबर शिकवत होतो. गाव जागचं हललं नव्हतं; तरी थोड्याच वर्षांत आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात येऊन पोचलो होतो. मास्तरांच्या पुठ्ठ्यावर हे सगळे मुक्काम होते: कचेरीचे रद्द हिंदी कागद, किराण्याच्या पुडीचं उर्दू वर्तमानपत्र, तंबूतल्या सिनेमाच्या जाहिराती. मधोमध एक गुलाबी हिंदी तुकडा. त्यांची बायको बुऱ्हाणपूरची. लग्नाच्या बांगड्या ज्यात बांधून आल्या, तो हा कागद. ती नुकतीच वारली होती.

नव्या राज्याच्या समारंभाला पाहुणे येणार होते. हेडमास्तर पुण्याचे, व्याकरणाचे. त्यांनी समारंभात लावायच्या या चित्राचं नाव विचारलं. मास्तर म्हणाले, "वाकय." म्हणजे वाकळ, चिंध्यांची गोधडी; आमच्याकडे 'ळ' जिभेवर टिकत नाही. हेडमास्तरांनी सुरेख अक्षरात पाटी लिहिली: 'वाक्य'.

आम्ही हसलो. मास्तरही हसले. "राहू द्या हो. आंगावर घेता आलं म्हंजे झालं."

मग हेडमास्तरांना हिंदी-उर्दू तुकडे दिसले. महाराष्ट्राच्या चित्रात ते नकोत, असं ठरलं. मास्तरांनी बाकीचे मुकाट्याने काढले. गुलाबी तुकड्यापाशी थांबले.

"सर, हा टाका काहाडला त सारी वाकय उसवते."

"एक पद गाळल्याने वाक्य मोडत नाही," हेडमास्तर म्हणाले.

मास्तरांनी ओलं फडकं घेतलं. खळ जुनी होती, कागद सलग निघाला नाही. गुलाबी लगदा बोटांना लागला, तो त्यांनी तसाच वाळू दिला. पाहुण्यांसमोर चित्र हलू नये म्हणून शिपायाने चार खिळे ठोकले. पाहुणे म्हणाले, हे आपल्या राज्याचं पूर्ण वाक्य आहे. टाळ्या झाल्या.

त्यानंतर मास्तर वर्गात मुलांकडून पेला आणि पपई काढून घेत. आम्हाला काही ओळखायला सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात ते छातीच्या दुखण्याने गेले. आम्ही घरी गेलो तेव्हा अंगावर बायकोच्या हातची गोधडी होती, तिच्या जुन्या लुगड्यांची. एका कोपऱ्यात गुलाबी. हेडमास्तर बराच वेळ त्या गोधडीकडे पाहत होते. गोधडी काढू लागलेल्या आपल्या सुनेला शेजारीण म्हणाली, "वाकय राहू दे वं. थंडी हाय."

तो शब्द ऐकून हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

चित्र अजून शाळेत आहे, मधे उघड्या पुठ्ठ्याचा डाग घेऊन. खाली पाटी 'वाक्य' अशीच. अक्षर फार सुरेख आहे.