इवाई आणि बेवारस झाड

ज्याला घराची आठवण कधीच येत नाही असा माणूस जगात एकच, आणि तो म्हणजे माझे इवाई, असं खुद्द इवायांचंच मत होतं. इवाई म्हणजे व्याही. पण आमच्या चंद्रपूरकडे 'व्याही' म्हटलं की माणूस उगाच दोन हात लांब बसतो.

नागभीडजवळच्या एका खेड्याचे ते कधीकाळी सरपंच होते. पद गेलं, पण मान वर करून रस्त्यावरचे दिवे तपासायची सवय गेली नाही. माझा मुलगा आणि त्यांची मुलगी इंग्लंडात नोकरीला. बाळंतपण दोघी विहिणींनी उरकलं आणि नातवाला सांभाळायची पाळी आम्हा दोघा म्हाताऱ्यांवर आली. अख्खा हिवाळा आम्ही तिथे काढला. थोड्याच दिवसांत मला चंद्रपूरच्या उन्हाचीच काय, कोळशाच्या धुळीचीही आठवण येऊ लागली. इवाई मात्र ठणठणीत. "गावात का ठेवलं हाय, इवाई? मानसानं जग पाहावं," असं ते मला रोज सांगत, बहुधा खिडकीपाशी उभं राहून आणि बाहेर काहीही न पाहता.

सकाळी बाळाला गाडीत घालून आम्ही फिरायला निघायचो. प्रत्येक वळणाआधी ते मोठ्यांदा खोकत, टाळी वाजवत आणि मगच वळत. आमच्या जंगलात असंच चालतात. पलीकडे कोणी बसलेला असेल तर त्याला उठून जायला वेळ मिळावा. त्या 'कोणी'चं नाव मात्र घ्यायचं नाही. मी म्हटलं, "इवाई, इथे मांजरापेक्षा मोठं काही नाही." ते म्हणाले, "नसन. पन त्याले सांगून ठेवलेलं बरं." हा खोकला ऐकून शेजारच्या बाईंनी एकदा मधाची बाटली आणून दिली. इवायांनी ती गावातर्फे झालेला सत्कार समजून स्वीकारली आणि उत्तरादाखल छोटंसं भाषण केलं. मराठीत. बाई शेवटपर्यंत थांबल्या. आमच्याकडे सरपंचाच्या भाषणाला इतकं कोणी थांबत नाही.

परतीचा दिवस जवळ आला तेव्हा सून त्यांना म्हणाली, "बाबा, अजून महिनाभर राहा ना. पोराले पाळणाघरात जागा भेटेपर्यंत." मला असा आग्रह झाला नाही. बाळाला गप्प करण्यातलं माझं कौशल्य एव्हाना घरात सर्वांना कळलं होतं. इवाई तत्काळ म्हणाले, "राहतो ना. मले का घाई हाय?" त्या दिवशी त्यांनी भात परत घेतला नाही आणि सबंध संध्याकाळ नातवाला मांडीवर घेऊन बंद टीव्हीकडे बघत बसले.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या एका निष्पर्ण झाडाला फुलं आली. जाड, पांढरट, रसरशीत पाकळ्या, आणि सकाळी खाली त्यांचा खच, थेट मोहासारखा. इवाई जागच्या जागी थांबले.

"हे झाड कोनाचं हाय?"

"नगरपालिकेचं असेल."

"मंग कोनी येचाले काऊन नाई येऊन राह्यलं? घरात कोनी दुखण्याईत पडलं असन."

आमच्या झाडीपट्टीत मोहाचं प्रत्येक झाड कोणत्या ना कोणत्या घराचं असतं. मोहा पडायच्या दिवसांत ते घर पहाटेच टोपली घेऊन हजर होतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचलणं ही चोरी. बेवारस फुलोरा ही कल्पनाच इवायांना सोसेना.

दुसऱ्या सकाळी ते बाळाला घेऊन एकटेच गेले, ते लवकर परतले नाहीत. सून आणि मी शोधायला निघालो. कोपऱ्यावर बाळ गाडीत झोपलेलं, आणि माजी सरपंच घरातला झाडू घेऊन झाडाखालचा पालापाचोळा सारत होते. मोहाखाली करतात तशी त्यांनी जागा अगदी लख्ख केली होती. तिच्यावर ताजी फुलं पडली होती. एकही त्यांनी उचललं नव्हतं.

"बाबा, का करून राह्यले?"

"काई नाई. ज्याचं हाय त्याले सोपं जाईन."

सुनेने गाडीतल्या बाळाचं पांघरूण सारखं केलं. "गावाकडं मोहा पडत असन ना आता?"

"पडत असन."

"माय एकटीच येचत असन."

इवायांनी झाडलेलीच जागा पुन्हा झाडली.

"जा तुमी, बाबा. पाळणाघराचं पाहीन मी."

"मी जातो म्हनलो का?"

"नाई म्हनले. तुमी कुठी काई म्हनता."

मग ती खाली बसली, एक फूल उचललं, हुंगलं आणि म्हणाली, "तसा वास नाई." ते फूल तिने बराच वेळ हातात धरून ठेवलं. आम्हा दोघांकडे निदान परतीची तिकिटं होती, हे इवायांच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं. त्यांनी झाडू खाली ठेवला आणि लेकीजवळ फुटपाथवर मांडी घातली. त्यांना भाषण सुचलं नाही असा प्रसंग मी तो एकच पाहिला.

आम्ही ठरल्या दिवशी परतलो. आता चैत्रात सून कामाला निघताना फोन उघडते तेव्हा त्यात बापाने सकाळी मोहाखालून पाठवलेला आवाज असतो. एकदा तिने तो मलाही पाठवला. पाखरं, मग बराच वेळ काही नाही, मग जमिनीवर टप्. थोड्या वेळाने पुन्हा टप्. मध्येच विहीणबाई लांबून विचारतात, "फोन खाली ठेवून का करून राह्यले जी?"

आणि इवाई दबक्या आवाजात म्हणतात, "चूप राय ना. पोरगी ऐकून राह्यली."