काचेतले बाबा

रविवार, २९ डिसेंबर १९७४. सुखना तलाव, चंडीगढ. हजर: मी, माझी पत्नी आणि तिसरं वर्ष संपत आलेली आमची मुलगी. सोबत: खालच्या मजल्यावरच्या सरदारजींकडून मागून आणलेला डबा कॅमेरा, त्यात एक रोल, सतरंजी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुलीचे दोन जादा स्वेटर. गैरहजर: माझी आई, सांगलीत अंथरुणाला खिळलेली, आणि पंधरा दिवस तिच्या उशाशी बसायला आलेली माझी थोरली बहीण.

असं लिहून ठेवायची मला सवय आहे. ऑफिसात माझ्या यादीशिवाय मीटिंगची खुर्चीसुद्धा हलत नाही, असं लोक म्हणतात. त्या सकाळी कॅमेरा आणायला खाली गेलो तेव्हा माझ्या हातातला कागद सरदारजींनी वाचला. लेक तलावाजवळ उभी, लेक नावेजवळ, लेक आईबरोबर, असं कुठला फोटो कुठे काढायचा ते मी ओळीने मांडलं होतं. सरदारजी पोट धरून हसले. "भाईसाब, पिकनिक पे जा रहे हो या इन्स्पेक्शन पे?" मग कॅमेरा कसा धरायचा ते दाखवलं. "धूप पीठ पीछे. हिलना नहीं. और बहुत पास मत जाना जी, डब्बा है ये, नजदीक का देखता नहीं."

यादीत शेवटी लिहिलं होतं: लेक माझ्या मांडीवर. बाकीचे फोटो राहिले असते तरी चाललं असतं.

त्याचं कारण असं. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा मुलगी जेमतेम रांगत होती. आईला इथल्या थंडीत आणणं शक्य नव्हतं, म्हणून पत्नी मुलीला घेऊन सांगलीला राहिली आणि मी सरकारी क्वार्टरमध्ये एकटा. मुलीने मला विसरू नये म्हणून मी एक व्यवस्था लावून दिली. ऑफिसच्या ओळखपत्रासाठी काढलेला माझा फोटो मोठा करून, काच लावून सांगलीला धाडला. रोज दिवेलागणीला शुभंकरोती झालं की मुलीला त्याच्यासमोर न्यायचं आणि "बाबा" म्हणून नमस्कार करायला लावायचा. पत्नीने एक दिवस चुकवला नाही. फोटो देवघराशेजारी टांगलेला, त्यामुळे आईने अंथरुणातून एकदा त्याला हार घालायला सांगितलं. बहीण ओरडली, "अगं आई, जिवंत आहे तो! महिन्याला मनिऑर्डर करतोय!"

व्यवस्था चोख चालली. इतकी चोख, की चंडीगढच्या स्टेशनावर मी हात पुढे केले तेव्हा मुलगी आईच्या पदराआड गेली. पत्नी म्हणाली, "अगं, हे बाबा."

"न्हाई," मुलगी म्हणाली. "बाबा काचेत आहेत. घरी आजीपाशी."

मी कोण, हे तिने दुसऱ्या दिवशी स्वतःच ठरवलं. तिची आई ज्या नावाने हाक मारते तेच माझं नाव. सकाळी मी दाढी करत होतो, मागून गंभीर आवाज आला, "अहो, चहा गार व्हायलाय." पत्नी मोरीत भांडी घासत होती, ती हसून हसून खालीच बसली. मीही हसलो, पण गालाला साबण तसाच राहिला आणि आरशात मी स्वतःकडे बराच वेळ बघत राहिलो. काचेतले बाबा तेवढे दिसले.

तेव्हा मी ठरवलं, की मुलगी परत गेल्यावर तिच्याकडे असा एक फोटो असायला हवा, ज्यात ती आणि मी एकत्र आहोत. तो रोज बघितला की तिला कळेल, बाबा म्हणजे हा माणूस.

तलावावर धुकं दुपारपर्यंत उठलं नाही. मग एकदम ऊन पडलं, मागचे डोंगर दिसायला लागले, आणि मी कामाला लागलो. लेक तलावाजवळ उभी. लेक नावेजवळ. लेक आईबरोबर. मी "हलू नको" म्हटलं की ती दोन्ही हात मांड्यांना चिकटवून श्वास धरायची. फोटो यादीप्रमाणे होत गेले. शेवटचा मात्र होईना. मी बांधाच्या पायरीवर बसून मांडीवर थोपटलं की ती मागे सरायची.

"बस की जरा," पत्नी म्हणाली.

"तूच बस."

"मी बसले तर फोटो कोण काढंल?"

"अहो काढतील."

पत्नी म्हणाली, "राहू द्या आता. जबरदस्तीनं बसवलं तर रडका फोटो यायचा." मी कॅमेरा तिच्याकडे दिला, हातगाडीवाल्याकडून संत्री घेतली आणि पायरीवर सोलत बसलो. संत्र्याची फोड मी अशीतशी खात नाही. वरच्या शिरा काढायच्या, पातळ साल उसवायची, बी काढायचं, मग खायची. ऑफिसात यावरूनही चेष्टा होते. एक फोड अशी साफ झाली आणि शेजारून छोटा हात आला. दुसरी फोड झाली, पुन्हा हात. मी वर बघितलं नाही. तिसऱ्या फोडीला ती माझ्या गुडघ्याला टेकली, आणि मग अधिक नीट दिसावं म्हणून सरळ मांडीवर चढून बसली.

"अहो, ही शीर राह्यली की."

"कुठे?"

"ही काय!"

मी शीर काढली. तिच्या केसांना सांगलीच्या घरातल्या खोबरेल तेलाचा वास होता. तेवढ्यात कॅमेऱ्याचा खटका वाजला.

पंधरा दिवस संपले. गाडी हलली तेव्हा मुलगी खिडकीच्या गजाला धरून ओरडली, "अहो, चला की तुम्ही पण!" डब्यातल्या बायका हसल्या. पत्नी हसली नाही.

घरी आलो. मोरीत तिचा पितळी तांब्या उपडा होता, दोरीवर मुलीचा एक पायमोजा राहिला होता, दुसरा कुठे गेला ते सापडलं नाही. यादी काढून बघितली तर सगळ्या कामांवर खूण झालेली होती. करायला काही नव्हतं म्हणून दुपारीच झोपलो.

फोटो आठवड्याने मिळाले. मी काढलेल्या प्रत्येक फोटोत मुलगी परेडला उभी असल्यासारखी. शेवटचा पत्नीने काढलेला. मुलगी माझ्या मांडीवर आहे, फोडीकडे बघतेय, तोंड अर्धवट उघडं. माझे हात आहेत, संत्र्याची सालं आहेत, स्वेटरची बटणं आहेत. गळ्याच्या वर काही नाही. पत्नी मुलीचा चेहरा बघत पुढे पुढे आली होती आणि तेवढ्या जवळून माझं डोकं डब्यात मावलं नव्हतं. सरदारजींना दाखवला. ते हसायला लागले आणि मध्येच थांबले. "फिर भी भाईसाब, अच्छी है. बच्ची तो देखो."

दुसरा इलाज नव्हता, तोच पाठवला.

मे महिन्यात रजेवर गेलो. दार मुलीने उघडलं. तिने आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि आत ओरडली, "आई, अहो आले!" मग माझं बोट धरून मला देवघरापाशी नेलं. काचेतले बाबा तिथेच होते. चौकटीच्या खालच्या पट्टीत तो बिनडोक्याचा फोटो खोचून ठेवलेला, बरोबर गळ्याला गळा येईल असा. मोठं तोंड, त्याखाली इवलंसं अंग.

"हे कुणी लावलं?"

"मी. आईनं उचललं मला."

"का गं?"

"बाबांना हात नव्हते," ती म्हणाली.

पुढे ती शाळेत जायला लागली आणि मला बाबा म्हणायला लागली. कधीपासून, ते मला माहीत नाही. एका सुट्टीत अहो होतो, पुढच्या सुट्टीत बाबा झालो होतो. मधलं काही मी पाहिलेलं नाही. आता ती दहा वर्षांची होईल. आईच्या पत्राखाली दोन ओळी लिहिते: "बाबा, तुम्ही कसे आहात? मी मजेत आहे." अक्षर चांगलं आहे. बदलीसाठी मी दर वर्षी अर्ज करतो. माझी आई अजून अंथरुणावरच आहे. दर हिवाळ्यात मायलेकी पंधरा दिवस येतात. आम्ही तलावावर जातो आणि मी संत्री सोलतो. ती म्हणते, "बाबा, मी सोलून खाईन." तरी मी सोललेल्या फोडी खाते.

कॅमेरा मी केव्हाच स्वतःचा घेतला. फोटो भरपूर आहेत. मुलीचे, मुलीचे आणि तिच्या आईचे, एक-दोन माझे, पत्नीने काढलेले, हल्ली डोक्यासकट. पण तलावावर कॅमेरा नेहमी आमच्यापैकीच एकाच्या हातात, त्यामुळे आम्ही तिघे एकत्र एकाही फोटोत नाही. वाटेने जाणाऱ्याला विचारणं मला जमत नाही. सरदारजी असते तर सोबत आले असते. ते मोहालीला घर बांधून गेले.

या डिसेंबरची यादी तयार आहे. सतरंजी धुऊन झाली. रोल आणला. कोळसा सांगितला आहे. खालच्या घरात दिवाळीनंतर नवीन कुटुंब राहायला आलं आहे. जिन्यात नमस्कार होतो, त्यापुढे अजून बोलणं झालेलं नाही. त्यांच्यापैकी कुणाला कॅमेरा धरता येतो का, आणि रविवारी तलावावर येतील का, हे विचारायचं राहिलं आहे.