राइयाचा तिरका नेम

राइया मुस्तोनेन दुधाचा टँकर चालवायची. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या लिएक्सा गावापलीकडच्या गोठ्यांतून दूध गोळा करायचं आणि डेअरीत पोचवायचं, यात तिची निम्मी हयात गेली. रस्त्यावर काच पसरावी तसा बर्फ असला तरी टँकर वेळेवर यायचा. बोलणं बेताचं, हसणं मात्र गडगडाटी. हसली की गोठ्यातल्या गाई माना वर करायच्या.

शनिवारी ती नेमबाजीच्या मैदानावर असायची. गावातल्या राखीव सैनिकांचा संघ होता, त्यात ती चाळिशीत असताना दाखल झाली आणि तिथेच रमली. डावखुरी असूनही तिचा हात इतका स्थिर, की लांबच्या नेमाला संघात तिला तोड नव्हती. शेजारच्या गावाशी दर मार्चमध्ये सामना व्हायचा. प्रत्येक गावाचे तिघे. त्या तिघांत राइयाची जागा ठरलेली होती.

ती जागा डळमळली ती जवळच्या नेमामुळे. सामन्यात आधी फरच्या झाडांमध्ये उभे केलेले जवळचे पुठ्ठे मारायचे, मग दलदलीपलीकडच्या टेकडीवरच्या लोखंडी पाट्या, आणि वेळ मोजली जायची. राइयाच्या रायफलीवर लांबचं मोठं करून दाखवणारी दुर्बीण होती. टेकडीसाठी ती उत्तम. पण दहा पावलांवरचा पुठ्ठा तिच्यातून शोधायचा म्हणजे पातेल्यात तोंड घालून मीठ शोधण्यासारखं.

"काय दिसत होतं गं तुला इतका वेळ?" त्या मार्चचा सामना हरल्यावर संघाचा म्होरक्या आउलिस यानं विचारलं.

"झाडाची साल," राइया म्हणाली. "फार सुंदर साल होती."

सगळे हसले. आउलिस हसला नाही. तो लाकडं तोडणाऱ्या यंत्रावर काम करायचा आणि मनातलं बोलायला त्याला फार वेळ लागायचा. "हे बघ राइया," तो शेवटी म्हणाला, "जवळच्यासाठी बाजूला दुसरी छोटी दुर्बीण लाव. काचेत लाल ठिपका दिसतो तसली. नाहीतर पुढच्या वेळी हेन्नाला उभं करावं लागेल."

हेन्ना म्हणजे गावातली नर्स. वयानं निम्मी, हातानं चपळ. राइयाला ती आवडायची, त्यामुळे रागही धड येईना.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. एस्को चुलीत लाकूड सारत होता.

"ठिपक्याला बॅटरी लागते," ती म्हणाली. "थंडीत बॅटरी मान टाकते. नेम धरायची नळीवरची लोखंडी माशी कधी मान टाकत नाही."

"मग दोन्ही लाव."

"रायफल आहे का ख्रिसमसचं झाड?"

"तुझी जागा जाईल त्यापेक्षा झाड बरं," एस्को म्हणाला.

म्हणून दोन्ही आलं. वर दुर्बीण. दुर्बिणीखाली पाडून ठेवता येणारी लोखंडी माशी आणि मागची खाच, वेळ पडलीच तर दुर्बीण काढून उभी करायला. आणि बाजूला, तिरका बसवलेला लाल ठिपका. रायफल खांद्यावरच थोडी कलती केली की ठिपका डोळ्यासमोर यायचा.

निदान यायला हवा होता. पहिल्या दिवशी राइयानं रायफल कलती केली आणि तिची मान अशी वळली की एस्को म्हणाला, "दात दुखतोय का?" तिनं खोक्यावरच्या चित्राबरहुकूम ठिपका उजवीकडे बसवला होता. चित्रातला माणूस उजवा होता. राइया डावरी. तिनं तो काढून डावीकडे लावला, रायफल उजवीकडे कलली, आणि ठिपका बरोबर डोळ्यासमोर उभा राहिला.

तरी जवळच्या पुठ्ठ्यावर गोळ्या खालीच लागत होत्या. हा घोळ आउलिसनं सोडवला. "डोळा ठिपक्यातून बघतो, गोळी नळीतून जाते. दोघांत तीन बोटांचं अंतर. अगदी जवळ ते अंतर तसंच राहतं. तू तीन बोटं वर धर." पूर्ण हिवाळाभर राइया हेच करत राहिली: वर दुर्बीण, कलती, ठिपका, सरळ, पुन्हा दुर्बीण. टँकरमध्ये सिग्नल लागला तरी तिचा खांदा आपोआप कलायचा.

सामन्याच्या सकाळी थंडी अशी होती की पापण्या चिकटत होत्या. सगळ्यांच्या रायफली बाहेर, लाकडी घोडीवर टेकवून ठेवलेल्या. तिकडे हे लहान पोरालाही ठाऊक असतं: गारठलेली रायफल उबेत न्यायची नाही. राइयालाही ठाऊक होतं. पण तिच्या मनात बॅटरी घर करून बसली होती. तिनं रिकामी रायफल पिशवीत घालून गाडीत ठेवली, हीटर लावला. गाडीत एस्को थर्मासातली कॉफी पीत, बन खात बसला होता आणि गाडीभर वाफ करत होता.

तिचं नाव पुकारलं. तिनं पिशवी उघडली. दुर्बिणीच्या काचा घामेजल्या होत्या. गोळ्या झाडायच्या रेषेपर्यंत चालत जाईतो त्यांवर बर्फाचा पांढरा थर चढला. ठिपक्याच्या काचेवरही.

"रायफल गाडीत होती?" आउलिसनं हळूच विचारलं.

"बॅटरीसाठी," राइया म्हणाली.

आउलिसनं डोळे मिटले. मागे हेन्ना उभी होती. तिनंही आकाशाकडे बघितलं.

शिट्टी वाजली. राइयानं अंगठ्यानं ठिपक्याची मागची, आपल्याकडची काच घासली. पुढची काच पोचण्यासारखी नव्हती, पांढरीच राहिली. रायफल कलती केली. पांढऱ्या पडद्यावर लाल ठिपका स्वच्छ दिसत होता, पण पुठ्ठा गायब. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण दुसरा डोळा मिटलाय. तो उघडला. एका डोळ्याला ठिपका, दुसऱ्याला पुठ्ठा, आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ठिपका पुठ्ठ्यावर नेऊन ठेवला. तीन बोटं वर. धाड. पुढचा. धाड. सगळे जवळचे पुठ्ठे तिनं इतक्या झटपट उरकले, की एस्को बन हातात धरून गाडीबाहेर आला.

पण टेकडी लांब होती. तिथे ही जोडणी पुरेना, पहिली गोळी पाटीच्या बरीच बाजूनं गेली. राइयानं पकडीची कळ सोडवून दुर्बीणच उपटली आणि कोटाच्या खिशात कोंबली. माशी उभी केली, खाच उभी केली. साठीच्या डोळ्यांना माशी धूसर दिसत होती. घाई केली असती तर सगळंच गेलं असतं. तिनं श्वास सोडला. टण्ण. पुन्हा श्वास. टण्ण. शेवटची पाटी तेवढी राहिली, वेळ संपली.

सामना ते हरले. फार नाही, थोडक्यात. वाटाण्याच्या सूपचं पातेलं हरलेल्यांनी वाढायचं असतं, म्हणून राइया पळी घेऊन उभी राहिली. शेजारच्या गावचा प्रत्येक जण वाडगा पुढे करताना म्हणे, "काचा पुसल्यास का बाई?" आणि ती प्रत्येकाला थोडं जास्तच वाढे.

शेवटी आउलिस आला. त्यानं सूप घेतलं, वर वाटलेली मोहरी घातली, ढवळलं. बराच वेळ ढवळलं. राइया पळी धरून वाट बघत होती. हेन्ना पाव कापत होती, तिचाही सुरीचा हात थांबला.

"दोन्ही डोळे उघडे ठेवून," आउलिस म्हणाला. "तो प्रकार हेन्नाला शिकव. मलाही."

"शिकवते. आणि?"

त्यानं एक चमचा सूप खाल्लं. तोंड पोळलं, म्हणून आणखी वेळ गेला.

"पुढच्या मार्चला," तो म्हणाला, "रायफल बाहेर ठेवायची. कळलं?"

राइया हसली. आवारातली दोन कुत्री दचकून उठली. बाकीचं काही तिनं ऐकलंच नाही, पुढच्या मार्चला एवढंच ऐकलं, आणि आउलिसच्या वाडग्यात न विचारता आणखी एक पळी ओतली.