तिच्याबद्दल कुणी बोलायचं

पाहुण्यांनी माझ्याबद्दल विचारलं की अम्मी आजही "कंप्यूटर में बडी है" एवढंच सांगते आणि विषय बदलते. अब्बांचं नांदेडात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं कामाचं कौतुक केलं की ते "मेहरबानी" म्हणून मान खाली घालायचे. "अपनी तारीफ अपने मुँह से नक्को," हे ऐकतच आम्ही भावंडं वाढलो. पुण्यात नोकरीला लागल्यावर या शिकवणीनं माझी कितीतरी वर्षं खाल्ली. काम मी करायची आणि ते भलत्याच्याच नावावर खपायचं. शेवटी एका साहेबानं तोंडावर सांगितलं, बोलायला शीक, नाहीतर इथेच कुजशील. मग मी आरशासमोर उभी राहून 'मी केलं, मी ठरवलं' असं घोकलं. आज त्याच कंपनीची मी उपाध्यक्ष आहे, आणि गेला आठवडाभर माझं डोकं फिरलेलं आहे.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. लातूरचं केंद्र मी भांडून उघडायला लावलं. तिथलं सगळं तांत्रिक काम देवणीकडची एक मुलगी सांभाळते. घरी शेती, शिक्षण लातुरातच. यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या नव्या आवृत्तीनं घोळ घातला. एका पेशंटचे रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर दिसायला लागले. पुण्यातली मंडळी वरून मंजुरी येऊ द्या, वरून मंजुरी येऊ द्या म्हणत बैठका घेत बसली. हिनं मंजुरीची वाट पाहिली नाही. सिस्टिम सरळ बंद केली, एकेका दवाखान्याला फोन करून कागदावर काम करायला लावलं आणि जुनी आवृत्ती परत चढवली. आपली नोकरी जाऊ शकते हे तिला पुरतं ठाऊक होतं. कुणाला भलतंच औषध गेलं नाही ते तिच्यामुळे.

केंद्रप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा ती तिचीच, असं मी गृहीत धरलं होतं. दुसरा उमेदवार पुण्याचा एक तरुण. त्या गोंधळाच्या दिवशी त्यानं केलेलं काम म्हणजे सारखा फोन करून "कधी होईल?" विचारणं. व्हिडिओवर मुलाखती झाल्या. समोर मी, माझे वरिष्ठ आणि मनुष्यबळ विभागाच्या बाई. वशिला चालू नये म्हणून आमच्याकडे नियम आहे, ओळखीच्या उमेदवाराची बाजू मुलाखत चालू असताना मांडायची नाही.

वरिष्ठांनी तिला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही नेमकं काय केलंत?"

"सगळ्यांनी मिळून केलं, सर."

"ते झालं. तुम्ही स्वतः?"

ती म्हणाली, "मॅडमला माहीत आहे." मी नियम पाळत बसले होते.

त्या तरुणानं त्याच दिवसाचं वर्णन 'मी परिस्थिती हाताळली' असं केलं. ना त्याची नजर हलली, ना आवाज.

दोघं गेल्यावर मी सगळं सांगितलं. वरिष्ठ हसले. "तू तिकडचीच, तुला वाईट वाटणार. पण तिच्यात नेतृत्व दिसलं नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मंजुरीशिवाय सिस्टिम बंद करायला जी हिंमत लागते ती यांना दिसत नाही, आणि 'मी, मी' करणारा पोपट यांना नेता वाटतो. हे मी याच शब्दांत बोलले. बाईंनी "जरा ब्रेक घेऊ या का?" असं विचारलं. ब्रेक घेतला, आणि जागा त्यालाच दिली.

त्या आठवड्यात मी अम्मीकडे नांदेडला आले होते, मुलाखतीही तिथूनच घेतल्या होत्या. तिथून गाडी काढली आणि लोह्यावरून थेट लातूर गाठलं. वाटेत कुठे चहालाही थांबले नाही. ही बातमी तिला मेलवर कळावी हे मला पटत नव्हतं. खरं सांगायचं तर तिचाही राग आला होता. केंद्रात जाऊन तिला समोर बसवलं आणि जागा गेल्याचं सांगितलं. पुढे म्हणाले, "तोंड उघडायला काय झालं होतं तुला?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय.

"मॅडम, आपलंच आपण कसं सांगायचं? सोयरीक जमवताना पोरगी बोलती का? मामा बोलतो. तुम्ही आपल्याकडच्या, तिथं बसलेल्या. मला वाटलं, तुम्ही सांगताल."

माझ्या रिश्त्याच्या वेळी फुफी, म्हणजे अब्बांची बहीण, बोलली होती. मी पडद्याआड बसून ऐकत होते, आणि ती काही विसरली तर काय, एवढीच मला काळजी होती. मला त्या क्षणी वरिष्ठांचा, त्या नियमाचा, आरशासमोर घोकलेल्या त्या 'मी'चा, सगळ्याचा एकदम संताप आला. तिला कसा समजवावा आमचा नियम?

"नवा माणूस सोमवारी येतोय," मी म्हणाले. "तू त्याला सगळं शिकवावंस असं पुण्याचं म्हणणं आहे. नाही म्हणालीस तरी मी तुझ्या मागे उभी आहे."

"शिकवीन की. न्हाई शिकवलं तर दवाखान्यातल्या पेशंटचे हाल व्हतेत." ती उठली, खुर्ची आत सरकवली. आता तिचा आवाज चढला होता. "पण तुम्ही इथं यायचं. समद्यांच्या म्होरं, त्या दिवशी मी काय केलं ते पहिल्यांदा तुम्ही सांगायचं. तोवर मी त्यांना एक अक्षर शिकवणार न्हाई."

त्याच सोमवारी पुण्यात संचालकांपुढे मला माझं स्वतःचं काम मांडायचं होतं.

"येते," मी म्हणाले.