रस्ता अडवणाऱ्या आत्या

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत स्टिअरिंगमागे बसणारा प्रत्येक माणूस माझ्या मैत्रिणीच्या आत्यांचा नातेवाईक आहे. एखादा नसलाच, तर त्याची गाडी थांबवून त्या त्याला दोन मिनिटांत तसा करून घेतात. आत्यांचं माहेर माधवनगर, सासर रहिमतपूरजवळ, जावा कराडकडच्या, पुतणे फौजेत. एवढ्या भांडवलावर त्यांनी सासरच्या गावाबाहेरची सगळी वाहतूक ताब्यात ठेवली आहे. तिथे कालव्याकडेची वाट मोठ्या रस्त्याला आडवी जाते. वाटेवरून पोरी सायकलने शाळेला जातात, म्हातारे फिरायला जातात. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या, डंपर आणि पाचगणीला स्ट्रॉबेरी खायला निघालेली मंडळी जातात. गतिरोधक नाही, पट्टे नाहीत, पाटी नाही, दिवा नाही. शाळेच्या वेळी आत्या असतात.

आत्या हात दाखवत नाहीत, शिट्टी वाजवत नाहीत. पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहतात आणि गाडी थांबली की खिडकीशी जाऊन शांतपणे विचारतात, "कुणाचा रं तू?" या प्रश्नाला लायसन दाखवून भागत नाही. गाव सांगावं लागतं, मग आळी, मग आईचं माहेर. एकदा दुधाच्या टेम्पोवाल्याने उशीर होतोय म्हणून कुरकुर केली. आत्यांनी त्याच्या मामीच्या गुडघ्याची चौकशी केली, त्याचं लग्न नेमकं कुठे अडलंय ते विचारलं, आणि तेवढ्यात सगळी शाळा पलीकडे गेली. तो टेम्पो आता लांबूनच गोगलगाईसारखा येतो. काळ्या काचांच्या गाडीलाही सवलत नाही. काच खाली न करणाऱ्या एका पुढाऱ्याच्या चिरंजीवांना त्यांनी बाहेरूनच ऐकवलं, "तुझा आज्जा पाटात पडला हुता, तवा माझ्या सासऱ्यानं वर काढला त्याला. उतर खाली." चिरंजीव उतरले.

मी रस्तासुरक्षेची पत्रकं लिहिते आणि दोन्ही जिल्ह्यांत वाटते. पायी चालणाऱ्याचा जीव या राज्यात डांबरापेक्षा स्वस्त आहे, हे माझं ठाम मत आहे आणि ते मी ठळक अक्षरात छापते. आत्यांनी माझं पत्रक उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "संबंधितांनी दखल घ्यावी. ह्यो संबंधित कुणाचा गं? गाव कंचं त्याचं?" संबंधित म्हणजे कुणी एक माणूस नव्हे, असं मी समजावलं. "मग घील कशी त्यो दखल?" म्हणून त्यांनी पत्रक परत दिलं.

संबंधितांनी दखल खरोखरच घेतली नाही. उंच गतिरोधक आणि लुकलुकणारा दिवा द्या, एवढीच आमची मागणी. बांधकाम खात्याच्या कचेरीतल्या साहेबांचं म्हणणं, तिथे अपघाताची नोंदच नाही. म्हणजे आधी कुणीतरी मरायचं, मग डांबर यायचं. आणि आत्या रोज सकाळी उभ्या राहून नेमकं ते मरणं होऊ देत नव्हत्या. मी वर्षभर भांडले तेव्हा साहेब पाहणीला यायला तयार झाले. मी आत्यांना बजावलं, त्या दिवशी मध्ये पडायचं नाही, गाड्या कशा येतात ते साहेबांना दिसू दे. दिवा हवा असेल तर एवढं करावंच लागेल. आत्यांनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "बसते की."

आणि खरंच रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर पदराचं टोक दातात धरून बसल्या. साहेब घड्याळ बघत सावलीला उभे. पोरींची पहिली सायकल वाटेवरून वर चढली आणि त्याच वेळी कोरेगावच्या बाजूने डंपर आला, भरधाव. मी साहेबांना म्हटलं, बघा. साहेबांनी मान वळवली, तोवर आत्या रस्त्यात होत्या. डंपर त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, चालक वडूजचा निघाला, पोरी गेल्या. साहेब म्हणाले, इथले चालक फार समजूतदार दिसतात. आणि गेले.

मी आत्यांवर भडकले. वर्षाची मेहनत गेली, आणखी एक क्षण तुम्ही थांबला असतात तर साहेबांना सगळं दिसलं असतं, असं बरंच बोलले. आत्या साडीवरची धूळ झटकत होत्या.

"काय दिसलं असतं गं?" त्यांनी विचारलं. मी हातातली पत्रकं पिशवीत कोंबली.

गतिरोधक अजून झालेला नाही. रस्ता मात्र रुंद होतो आहे आणि त्यावर आता भलत्याच राज्यांच्या नंबरांच्या गाड्या धावतात. परवा मी गेले तेव्हा आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगलीला गेल्या होत्या. पोरी कडेला सायकली धरून ताटकळत होत्या आणि कुणीही थांबत नव्हतं. शेवटी उसाचा एक ट्रॅक्टर थांबला. चालकानं वाकून विचारलं, आत्याबाय कुठं हाईत. मी सांगितलं.

"कवा यायच्या?"

"डोळ्याचं झालं की."

"आन् तवर?"

माझ्या उत्तराची वाट न बघता त्यानं ट्रॅक्टर रस्त्यात आडवा लावला आणि इंजिन बंद केलं. शेवटची सायकल पलीकडे उतरेपर्यंत दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजत राहिले. त्यात ओळखीचा एकही नव्हता.