मकोयेनं निवडलेला स्विच

मकोयेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मेलेली चिलटं मोजत होता. त्या आठवड्यात तळ्यावरून चिलटांचे ढग आमच्या म्वांझा गावात शिरले होते, आणि आमच्या सर्व्हरच्या खोलीतल्या जुन्या स्विचच्या पंख्यात त्यांचा नुसता चिखल झाला होता. हा बाबा चिमट्यानं एकेक काढून कागदावर मांडत बसला होता.

"सुकुमांना मासे मिळेनात, म्हणून आता चिलटांवर आलात का रे?" मी विचारलं.

"किनाऱ्यावरच्या माणसाला खोबरं सोडून काही दिसतं, हे आजच कळलं," तो मान वर न करता म्हणाला.

मी समुद्रकिनाऱ्यावरचा झारामो, तो इथला तळ्याकाठचा सुकुमा. आमच्या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे, त्यात वय मोजत नाहीत. म्हणून अठ्ठावन्न वर्षांच्या त्या माणसाला मी, पस्तिशीतला शोमारी, खुशाल अरे-तुरे करायचो. तेहतीस वर्षं त्यानं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. आता रंगाच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत तो यंत्रं सांभाळायचा आणि मी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचो. गावातल्या शाळा, दवाखाने, मासळीचे व्यापारी यांच्या वेबसाइट आमच्याकडे असत. त्यातले निम्मे आधीच परदेशातल्या कंपन्यांकडे गेले होते. राहिलेला मोठा आधार एकच, टेकडीवरचं मिशनचं हॉस्पिटल. तिथल्या सिस्टर पर्पेटुआंनी साफ सांगितलं होतं: तीन महिने एकदाही खंड पडला नाही तर रुग्णांच्या नोंदी तुमच्याकडे राहतील. पडला तर नाही. आणि त्या गेल्या तर खोलीला कुलूप, हे मालकानं आम्हाला सांगून ठेवलं होतं.

सगळी यंत्रं ज्या एका डब्यातून एकमेकांशी बोलतात तो स्विच. तो बसला की सगळंच बसलं. म्हणून मकोयेनं नवा स्विच निवडायला सात आठवडे लावले. लोक मुलीसाठी स्थळंसुद्धा इतकी पारखत नाहीत. एका दुकानात त्यानं यंत्राची वीज अकरा वेळा काढली आणि लावली. दुकानदारानं चहा मागवला, मग गरम तळलेली मांदाझी मागवली, मग हात जोडले. अकराव्या वेळी ते यंत्र आपली सगळी सेटिंग्ज विसरलं. "बघ," मकोये म्हणाला, "दहा वेळा शहाणा असणं कोणालाही जमतं." दुसरा एक दुबईहून कोणाच्या तरी बॅगेतून आला होता. त्याच्यावरचं लेबल मकोयेनं नखानं उचललं, खाली दुसरंच लेबल निघालं. तिसरा सर्वगुणसंपन्न, पण पंखेवाला. पंखा म्हणजे पुन्हा चिलटं.

शेवटी त्याला हवा तो मिळाला. काळा, जड, दिसायला ओबडधोबड, बिनपंख्याचा. ऊन लागलेल्या म्हशीसारखा तो अंगातूनच उष्णता बाहेर टाकायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाची वाट तो वेगळी ठेवायचा. मकोयेनं मुद्दाम एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच्यात खुपसली, तर सगळं जाळं कोलमडायच्या ऐवजी त्यानं तेवढंच छिद्र बंद केलं, बाकी सगळं सुरळीत. आणि कुठे काय बिघडलं, किती वाजता, याची नोंद ठेवून तो मकोयेच्या फोनवर इशारा पाठवायचा.

"माणसाला विचारलं तर तो आधी तुझं तोंड बघतो आणि मग सांगतो," मकोये म्हणाला. "हा तोंड बघत नाही."

त्यानं मालकाकडे दोन मागितले. मालक म्हणाला, "एक बायको सांभाळतोस ना? मग एकच." एकच आला. मकोयेनं भिंतीवर कागद चिकटवला: कोणी हात लावू नये. केबल ओढू नये. वर पाणी ठेवू नये. झाकू नये हे मात्र त्यानं लिहिलं नाही. आता याला काय म्हणावं! त्याच्याच घरात रेडिओला झालर, टीव्हीला झालर, पाण्याच्या माठालाही झालर. त्याची बायको, कुलवाची आई, क्रोशाचं असं काम करते की सगळं म्वांझा तिच्याकडे येतं. पण तेहतीस वर्षं यंत्रांत घालवलेल्या माणसाला घर आणि खोली ही दोन वेगळी जगं वाटत असावीत.

सिस्टरांच्या तीन महिन्यांतला अकरावा आठवडा. सोमवारी सिस्टर खोली बघायला येणार होत्या. शनिवारी मकोयेचा चुलता वारला आणि तो मातीला मागू भागातल्या आपल्या गावी गेला. रविवारी प्रार्थना आटोपून कुलवाची आई झाडू घेऊन आली. पाहुणे येणार म्हणून तिनं फरशी पुसली, खुर्च्या पुसल्या. मग पिशवीतून पांढरं कापड काढलं. कडेला निळी कमळं, आत चिलटं जाऊ नयेत म्हणून जाड प्लॅस्टिक शिवलेलं.

"एवढं महागाचं यंत्र, आणि उघडंवाघडं!" ती म्हणाली. "पाहुण्यांसमोर लाज नाही वाटत तुम्हाला?"

कापड तिनं चारी बाजूंनी नीट खोचलं. "आता कसं माणसात आल्यासारखं दिसतंय," मी म्हणालो. हे मीच म्हणालो, आणि ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुपारी वीज गेली. यंत्रं बॅटरीवर चालू राहिली, खोली गार ठेवणारा एसी मात्र बंद पडला. चार वाजून वीस मिनिटांनी स्विचनं मकोयेला पहिला इशारा पाठवला. मग दर दहा मिनिटांनी एक. मकोयेचा फोन त्या गावात मेलेला होता आणि तो स्वतः थडग्यावर माती लोटत होता. सव्वासहाला हॉस्पिटलचा मला फोन आला. मी धावत वर गेलो, कापड ओढलं, आणि हात तव्याला लागावा तसा भाजला. स्विच पुन्हा उठलाच नाही.

सोमवारी मकोये आला आणि जुना, चिलटांचा स्विच लावून त्यानं दुपारी सगळं सुरू केलं. मग फोनवर साचलेले स्विचचे इशारे उघडले. कोणत्या मिनिटापासून ताप चढत गेला ते तिथे स्वच्छ दिसत होतं. त्यानं खुर्चीवरचं कापड पाहिलं, घडी घातली, बॅगेत ठेवलं.

सिस्टर आल्या त्या सरळ मुद्द्यावरच. "कारण कळलं असेल आणि ते पुन्हा घडणार नसेल, तर मी हॉस्पिटलच्या मंडळाकडे आणखी तीन महिने मागते. पण कारण लेखी द्या. सगळ्यांसमोर वाचावं लागेल."

मी मकोयेला बाहेर ओढलं. "सांग ना! या शोमारीनं झाकलं म्हणून सांग. झारामोला अक्कल नसतेच, कोणीही विश्वास ठेवेल."

"कापड कुठलं म्हणून विचारतील."

"विचारू देत!"

"त्यांच्या वेदीवरचं कापड तिच्याच हातचं आहे रे. ती त्यांच्या प्रार्थनेत गाते. मंडळातल्या प्रत्येकीला ती ओळखते. तिनं किती दिवस विणलं ते, ठाऊक आहे तुला? मला कळू नये म्हणून मी झोपल्यावर बसायची."

आत जाऊन त्यानं कागदावर लिहिलं: यंत्राची निवड चुकली. हे यंत्र या हवेला टिकणारं नव्हतं. निवड माझी. खाली सही केली. सिस्टरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि वडीलधाऱ्यांना लावतात तो 'मझे' लावून म्हणाल्या, "मग आमचा इलाज नाही, मझे मकोये."

महिनाअखेर हॉस्पिटलच्या नोंदी गेल्या आणि खोलीला कुलूप लागलं. मालकानं यंत्रं किलोच्या भावानं काढली. गावात दुसरी दोन ठिकाणं होती जिथं मकोयेसारखा माणूस हवा होता. दोन्हीकडे मंडळासमोर वाचलेल्या त्या चिठ्ठीची बातमी त्याच्या आधी पोचली होती. ज्याला स्विच निवडता येत नाही त्याला कोण ठेवणार?

परवा त्याच्याकडे जेवायला गेलो. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली होती, तळ्यातले बारके दगा मासे होते. कुलवाची आई वाढत होती आणि तोंडाचा पट्टा सुरू होता.

"सात आठवडे, शोमारी! सात आठवडे कागद चाळले यांनी. मी म्हटलं होतं, घ्या पंखेवाला. वारा लागतो सगळ्यांना, यंत्राला नको? पण माझं ऐकतंय कोण! म्हातारपणी गावभर नाव घालवून बसले. अहो कुलवाचे बाबा, एक डबा नीट निवडता आला नाही तुम्हाला?"

मी घास खाली ठेवला. मकोयेनं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"नाही आला," तो तिला म्हणाला. "थोडी उगाली वाढ."